आपल्या आवारातली भुते



स्मरणिकेसाठी 'आपल्या परिसराचा इतिहास' लिहून द्या, असे संपादक मंडळाने मला कळवले. लातूरकडच्या एका शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला, एवढाच माझा अधिकार. लिहायला बसण्याआधी आपल्या ग्रुपवर विचारले, की परिसराविषयी कुणाला काय आठवते ते सांगा. मला वाटले होते, जुने मुख्याध्यापक, स्नेहसंमेलने, खो-खोची ढाल, बोर्डाचे निकाल असे काहीतरी येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो निरोपांचा ढीग, आणि त्यातले निम्मे भुतांविषयी. 'पिंपळावरचा मुंजा लिही.' 'घोड्यावरचा बिनमुंडक्याचा साहेब विसरू नकोस.' 'विहिरीवरची बाई मी या डोळ्यांनी पाहिली आहे.' आपली एक मैत्रीण, आता दोन नातवंडांची आजी, रात्री साडेअकराला लिहिते, 'मला आत्ताबी भ्या वाटायलंय, विषय बदला.'

विषय बदलला नाही. उलट ठरवले, की भुतांपासूनच सुरुवात करायची. आपल्या आवाराचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. तो गोष्टींत आहे, आणि त्या गोष्टी बहुतेक भुतांच्या आहेत.

स्मरणिका आपली मुलेबाळेही वाचतील, म्हणून आधी आवार सांगतो. शाळा आणि कॉलेज एकाच कुंपणात. मागे वसतिगृहाची बैठी इमारत, तिच्या पाठीशी पिंपळ आणि त्याचा दगडी पार. पाराच्या पलीकडे वापरात नसलेली विहीर. त्याही पलीकडे छावणीच्या काळातल्या, निम्म्या पडलेल्या दगडी खोल्यांची एक रांग. तिला आपण 'तबेला' म्हणायचो. आठची प्रार्थना झाली, की वसतिगृहाचा मागचा दरवाजा बंद व्हायचा. रेक्टर सरांना कडी लावायची गरजच पडत नसे. कडीचे काम भुते करायची.

भुतांच्या बाबतीत आपले अंबाजोगाई पहिल्यापासून श्रीमंत. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी जागच्या जागी दगडाचे झाले, ही कथा आपण चालायला लागायच्या आधी ऐकलेली. देवी म्हणून कुमारिका राहिली. जयंती नदीच्या काठच्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती म्हणजे त्या वऱ्हाडातले हत्ती, असे आपल्याला सांगितले जायचे. सहावीच्या सहलीत आपण तिथे गेलो, तेव्हा एकाने हत्तीच्या कानाशी तोंड नेऊन 'लग्न लागलं का?' असे विचारले होते. गुरुजींनी त्याला छडी दिली आणि मग स्वतःच हसत सुटले. ती कोरीव लेणी आहेत, मध्ये नंदीचा मंडप आहे, हे सगळे पुढे पुस्तकात वाचले. पण लेणी पाहून लोकांना लग्नच का आठवावे? मुहूर्त टळला, वरात परत फिरली, मुलगी तशीच राहिली, हे दुःख आपल्या भागातल्या घराघराला ठाऊक होते म्हणून. गोष्ट दगडावर बसली, पण ती माणसांची होती. एवढे लक्षात ठेवून पुढे चला.

आता घोडेस्वार. अमावास्येच्या रात्री तबेल्याकडून टापांचा आवाज येतो, पांढऱ्या घोड्यावर बिनमुंडक्याचा गोरा साहेब बसलेला असतो आणि तो 'हुकुमदार!' असे ओरडतो. मुंडके नसताना ओरडतो कशाने, ही शंका आपल्यापैकी कुणालाही कधी आली नाही.

यातला तबेला खरा आहे. आपल्या गावाला मोमिनाबाद म्हणत, तेव्हा इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या पैशावर चालणारी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली फौज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. बोलारम, औरंगाबाद, हिंगोली आणि आपले मोमिनाबाद ही तिच्या घोडदळाची ठाणी. हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शिपायाने घोडा आणि सरंजाम स्वतःचा आणायचा, सरकारने पगार द्यायचा. ज्याच्याकडे स्वतःचा घोडा नसे, तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून चाकरी करायचा. शिलेदार आणि बारगीर हे शब्द आपण शिवकालाच्या धड्यात पाठ केले. ते आपल्या वसतिगृहामागे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत जिवंत होते, हे मात्र कुणी सांगितले नाही.

१९०३ साली ही फौज मोडून हिंदी लष्करात मिसळण्यात आली. तिच्या रिसाल्यांतून पुढे जी पथके झाली, त्यांतले एक विसावे डेक्कन हॉर्स. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर, मशीनगनच्या जमान्यात, हातात भाले घेऊन घोड्यावरून चढाई करणाऱ्यांत हे पथक होते. दख्खनच्या रिसाल्याचा वारसा सांगणारे स्वार गव्हाच्या शेतातून तोफांच्या दिशेने दौडत गेले. आपल्या गोष्टीतल्या बिनमुंडक्याच्या साहेबापेक्षा हे चित्र मला जास्त भयंकर वाटते. पण आपण घोड्यावर बसवला तो गोरा साहेब. ज्यांचे घोडे होते, ज्यांनी त्यांना चंदी घातली, खरारा केला, ते स्वार आपल्या गोष्टीत नव्हते.

नव्हते म्हणजे, होते. पण वेगळ्या नावाने. तबेल्याच्या टोकाला खवीस राहतो, असे आपण म्हणायचो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८५७ साली दुसऱ्यांदा निघाला. त्यात मराठी भुतांची जवळजवळ खानेसुमारीच आहे. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी मेला की मुंजा, ब्राह्मण वासना ठेवून मेला की समंध, बाई बाळंतपणात गेली की हडळ आणि मुसलमान मेला की खवीस. शब्द अरबीतला, 'खबीस' म्हणजे दुष्ट. म्हणजे जात, धर्म, वय आणि बाईपण हे मेल्यावरही सुटत नाही. गावकुसात प्रत्येकाची आळी ठरलेली, तशी भुतांचीही.

आपल्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारा आपला मित्र या खविसाच्या गोष्टी सुरू झाल्या की गप्प व्हायचा. एकदा कुणीतरी त्याला म्हणाले, 'तुझ्यातलंच भूत हाय, तूच सांग की त्याला.' सगळे हसले. मीही हसलो. तो शांतपणे म्हणाला, 'आमचे पणजोबा त्या रिसाल्यात स्वार होते. तिथं कुणी असलंच तर त्यांच्या सोबतीचा असंल. तो तुम्हाला कामून मारंल?' आणि उठून झोपायला गेला. त्या रात्री खविसाची गोष्ट तिथेच संपली. मराठवाड्याचा इतिहास मी पुढे तीस वर्षे शिकवला, पण त्याची पहिली तासिका मला त्याने घेतली.

तो सप्टेंबरातही गप्प असायचा. मुक्तिसंग्रामाचे आपल्या गावाशी नाते जवळचे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक म्हणून अंबाजोगाईला आले. बाबासाहेब परांजपेही इथलेच झाले. शिक्षकाच्या खुर्चीतून उठून स्वामीजी स्टेट काँग्रेसच्या लढ्याकडे गेले. रझाकारांनी गावोगाव केलेली लूट, जाळपोळ आणि खून आपल्या आईवडिलांनी पाहिले होते. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला गुरुजी ते सांगत, तेव्हा अंगावर काटा येई. ते सगळे खरे आहे. आणि पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, तेही खरे आहे. ते पाहायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती भारत सरकारनेच पाठवली होती. तिच्या अहवालात संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज किमान २७ हजार ते ४० हजार असा आहे. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठच्या यादीत आपले बीडही आहे. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. आपल्या मित्राची आजी सप्टेंबरात दिवसदिवस दारात बसून राहायची, कुणाशी बोलायची नाही, एवढे त्याने मला पुढे सांगितले. त्याहून जास्त मी विचारले नाही. हे लिहिताना त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, 'राहू दे. पण पणजोबांचा घोडा काळा होता, पांढरा नाही, तेवढं दुरुस्त कर.' तर मित्रहो, अमावास्येचा घोडा इथून पुढे काळा समजावा.

टापांच्या आवाजाचा निकाल मात्र आपल्या विज्ञानाच्या सरांनी नववीतच लावला होता. अमावास्येच्या रात्री बॅटरी घेऊन ते आपल्यापैकी दहा-बाराजणांना तबेल्यात घेऊन गेले. आत कुणाची तरी शिंगरे बांधलेली होती. मालक रात्री वाऱ्यात नको म्हणून तिथे ठेवायचा. आणि वरच्या कोनाड्यात बदामासारख्या पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड बसले होते. ते असे काही किंचाळले, की बॅटरी सरांच्याच हातून पडली. सर नंतर म्हणाले, 'भीती वाटली हे खरं. भूत होतं हे खोटं. दोन्ही वेगवेगळं लिहायला शिका.' इतिहासाच्या पद्धतीवर मी पुष्कळ पुस्तके वाचली. इतके नेमके वाक्य कुठे सापडले नाही. सर या मेळाव्याला येणार आहेत. त्यांनी बॅटरी आणू नये, ही विनंती.

विहिरीवरच्या बाईकडे वळतो. हिरवे लुगडे, मोकळे केस, उलटी पावले. ती हडळ. मुलींना तिची भीती जास्त होती, आणि आता कळते, की त्यांची भीती खरी होती. हडळ होते कशी? पोटुशी असताना किंवा बाळंतपणात बाई गेली की. माझ्या आजीची धाकटी बहीण अशीच पहिल्या खेपेला गेली. तिला नेल्यावर घरच्यांनी उंबऱ्यात खिळा ठोकला आणि वाटेवर मोहरी टाकली. का, तर तिने परत घरात येऊ नये. कालपर्यंत घरातले सगळे काम करणारी सतरा-अठरा वर्षांची पोर, आणि मेल्याबरोबर तिच्याच घराने तिच्या वाटेत खिळा ठोकला. आजी ही गोष्ट सांगताना कधी भूत हा शब्द वापरत नसे. 'माझी बहीण' असेच म्हणे.

आपण पहिलीत होतो, तेव्हा १९७४ साली गावात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ग्रामीण भागात निघालेले आशियातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय, अशी त्याची ओळख सांगितली जाते. पुढे त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. एका शिक्षकाचे नाव दवाखान्याला असावे, हे मला फार योग्य वाटते. आपल्या वर्गातली जी मैत्रीण तिथेच शिकून स्त्रीरोगतज्ज्ञ झाली, ती फोनवर म्हणाली, 'रात्री बैलगाडीतून, जीपमधून बायका यायच्या. काही वेळा फार उशीर झालेला असायचा. पण ज्या वाचल्या, त्या सगळ्या हडळ व्हायच्या वाचल्या, असंच म्हण की.' आपल्या तालुक्यातल्या हडळी मांत्रिकाने कमी केलेल्या नाहीत. रक्ताच्या बाटलीने, टाक्यांनी आणि रात्रपाळीच्या नर्सने केल्या.

अर्थात नव्या कॉलेजाबरोबर नवी भुतेही आली. शवविच्छेदनाच्या दालनात रात्री दिवा लागतो, प्रेते उठून बसतात, ही गोष्ट आपल्याला वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितली. त्या मैत्रिणीने तिचाही उलगडा केला. दिवा लागायचा, कारण तोंडी परीक्षेच्या आधी पोरे हाडे घेऊन पाठांतर करत बसायची. पण तिने आणखी एक सांगितले. दालनात येणारे देह पुष्कळदा बेवारस असत. १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने असे देह अभ्यासासाठी देण्याची सोय केली आहे. कुणीतरी एसटी स्टँडवर, कुणीतरी रस्त्याकडेला गेलेले. नाव नाही, गाव नाही, न्यायला कुणी नाही. 'पहिल्या दिवशी आम्हाला हात जोडायला लावले होते. म्हणाले, हे तुमचे पहिले गुरुजी. पण त्या गुरुजींचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही.'

तिचे हे बोलणे ऐकल्यावर माझ्या मनात सगळ्या गोष्टी एका दोरीत ओवल्या गेल्या. टळलेल्या मुहूर्ताची नवरी, पथक मोडल्यावर विसरलेला स्वार, बाळंतपणात गेलेली पोर, बेवारस देह. आपण ज्यांना भुते म्हणतो, ती बहुतेक अशी माणसे आहेत, की ज्यांची नीट नोंद कुणी घेतली नाही. ज्याचा हिशेब पुरा झाला, त्याचे भूत होत नाही. याचा उलटा पुरावाही आपल्याच गावात आहे. यादवराजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर हा आपला. त्याचा मुलगा राम लढाईत मारला गेला. तेव्हा त्याच्या बहिणीने, लक्ष्मीने, भावाच्या नावाने देऊळ बांधले आणि शके ११६२ मध्ये, म्हणजे १२४० च्या सुमारास, ते शिलालेखात कोरून ठेवले. पावणेआठशे वर्षे झाली. ऐन तारुण्यात, घरापासून दूर, रणात मेलेला मुलगा. भूत व्हायला याहून चांगला उमेदवार नाही. पण अंबाजोगाईत रामाचे भूत कुणी पाहिलेले नाही. बहिणीने त्याचे नाव दगडात लिहिले, तो सुटला.

आता पिंपळावरचा मुंजा. हा भाग मी शेवटपर्यंत मागे ठेवला, कारण तो लिहायला जड आहे.

वसतिगृहातल्या सगळ्यांना आठवेल. आपण आठवीत होतो, दिवाळीची सुट्टी संपून परत आलो, आणि स्वयंपाकघरातून भाकरी नाहीशा व्हायला लागल्या. रोज दोन. मावशी म्हणाल्या, 'मुंजा नेतो. पिंपळाकडं रातचं जायचं न्हाई आन् कुणाला बोलायचं बी न्हाई.' मावशींचा शब्द म्हणजे शेवटचा. मग मुंजा दिसायलाही लागला. पारावर काहीतरी बसलेले असते, आपण खिडकीतून पाहिले की हलते. संक्रांतीच्या आसपास एका रात्री आपल्यातल्या चौघांनी धीर केला. मागच्या खिडकीतून उतरलो आणि पाराच्या दिशेने अंधारात दगड भिरकावले. चौघांत मी होतो. काहीतरी धडपडत तबेल्याकडे पळाले. दुसऱ्या दिवसापासून भाकरी जाणे थांबले. 'मुंजा पळवला' म्हणून आम्ही चार दिवस शाळेत छाती काढून फिरलो. आपल्यापैकी अनेकांनी ग्रुपवर ही हकिकत लिहिली, ती कौतुकानेच.

या लेखासाठी मी शाळेचे जनरल रजिस्टर पाहायची परवानगी मागितली. मुंजा कोण, याचा शोध घ्यायचा होता. कुणी विद्यार्थी शिकत असताना दगावला असेल, त्याची नोंद सापडेल, असे वाटले. तशी नोंद सापडली नाही. सापडला तो 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना. १९७२ च्या दुष्काळातली पाने उघडली, तर त्या रकान्यात ओळीने 'दुष्काळी कामावर गेला', 'स्थलांतर'. आपल्या वर्षाच्या पानांवर 'सतत गैरहजर, सबब नाव कमी केले'. ही गैरहजेरी दिवाळीनंतर सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतलेली असली, की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे म्हातारी माणसे राहिली तर पोरे शिकतात, नाही तर धाकट्याला सांभाळायला पोरेही फडावर. पाचवीत आपल्याबरोबर आलेली किती नावे दहावीपर्यंत पोचली नाहीत, ते मी त्या पानांवर बोट ठेवून पाहिले. त्यातली काही नावे वाचल्यावर चेहरे आठवले. काहींचे चेहरेही आठवले नाहीत.

एक नाव वाचले आणि थांबलो. केज-धारूरच्या बाजूच्या वाडीवरचा, चित्रे चांगली काढणारा, आठवीत दिवाळीनंतर न आलेला. त्याचे गाव शोधून मी गेल्या उन्हाळ्यात गेलो. तो घरीच होता. नुकताच हंगाम संपला होता. मला पाहून आधी ओळखले नाही, मग मिठी मारली. चहा झाला. मी लेखाचे सांगितले, मुंज्याचे सांगितले, तसा तो हसायला लागला. हसता हसता म्हणाला, 'अरे, तो मुंजा मी व्हतो.'

त्या वर्षी त्याची आजी वारली होती, म्हणून आईवडिलांनी त्याला फडावर बरोबर नेले. पंधरा-वीस दिवसांत तो कुणाला न सांगता, मिळेल त्या ट्रकने परत आला. तोवर वसतिगृहातली त्याची जागा दुसऱ्याला गेली होती. आत येऊन कुणाला सांगायची लाज वाटली. तो तबेल्यात राहिला. दिवसा बाजारात हमाली करायचा आणि रात्री पारावर यायचा. मावशींनी त्याला पाहिले होते. त्या रोज दोन भाकरी पाराच्या कोनाड्यात ठेवायच्या. पोरांना सांगू नका, अशी शपथ त्यानेच त्यांना घातली होती. जूनपर्यंत तग धरायची आणि नव्या वर्षात पुन्हा नाव घालायचे, असा त्याचा बेत होता.

'मग गेलास का?' मी विचारले. विचारताना मला उत्तर माहीत होते.

'दगड आले त्या रातीला. एक लागला हितं,' त्याने भुवईवरून बोट फिरवले. 'वाटलं, तुम्हाला कळलंय मी हाय ते, आन् म्हणूनच मारायलात. मग सकाळच्याला निघालो.'

मी त्याला सांगितले, की आम्हाला माहीत नव्हते. त्यातला एक दगड माझा होता, हेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'आता माझी पोरगी बारावीला हाय. हंगामी वसतिगृहात राहून शिकली. मावशी पाहिजे व्हती बघायला.' मावशी जाऊन वीस वर्षे झाली. त्यांचे पूर्ण नाव तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का? मला ते रजिस्टरात सापडले नाही. रजिस्टर विद्यार्थ्यांचे होते.

म्हणून या लेखाच्या शेवटी संपादक मंडळाकडे एक मागणे आहे. स्मरणिकेच्या मागच्या पानांवर '१९८४ च्या दहावीच्या तुकडीची यादी' छापायचे ठरले आहे. ती दहावीच्या निकालपत्रावरून केली आहे. ती तशी न करता पाचवीच्या प्रवेशावरून करावी. जे पास झाले ते, जे नापास झाले ते, ज्या मुलींचे लग्न सातवीत लागले त्या, जे फडावर गेले ते, सगळे एका यादीत, आडनावाच्या क्रमाने. नावापुढे पदवी, हुद्दा काही नको. त्याच पानावर शिपाईकाकांचे, मावशींचे आणि रात्रीच्या राखणदाराचे नाव असावे. माहिती मिळवायला मी जिल्हाभर हिंडायला तयार आहे.

निघताना मी आपल्या मित्राला विचारले, की हे सगळे लिहू का. तो म्हणाला, 'लिही. पण गोष्टीत माझं नाव टाकू नको. यादीत टाक.'

तसे केले आहे.